गोसीखुर्दच्या पाण्यात क्रँकबेट ट्रोलिंग: तीन रॉड शेजारी शेजारी वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग कारणं. नावेमागे क्रँकबेट (पुढे जीभ असलेला, माशासारखा डुलणारा प्लास्टिकचा खोटा चारा) ओढायचं असेल, म्हणजे ट्रोलिंग करायचं असेल तर फायबरग्लासचा, मऊ, निम्म्याच्या खालपर्यंत वाकणारा रॉड घ्या. निव्वळ ग्लास हाताला जड वाटत असेल तर ग्लास आणि कार्बन मिसळून केलेला कॉम्पोझिट घ्या. दुकानदार सगळ्यात हलका आणि सगळ्यात ताठ म्हणून जो कार्बनचा रॉड हातात देतो, तो या कामाला घेऊ नका. फेकून खेळायला तो उत्तमच आहे. माझ्याकडचा कार्बन मी मरळीसाठी, शेवाळावर रबरी बेडूक टाकायला वापरतो आणि वापरत राहणार.

दिवाळीनंतर पाणी निवळलं तेव्हापासून मृगाची चाहूल लागेपर्यंत आम्ही वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये (धरणामागे साचलेल्या पाण्यात), भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला, जमेल तेव्हा जात राहिलो. नाव ओळखीच्या ढिवर काकांची. कधी छोटं इंजिन लावलेली फायबरची बोट, तर डिझेल-पेट्रोलचा हिशेब जमला नाही की वल्ह्याचा डोंगा. तीन रॉड सोबत: सात फुटी कार्बन, सात फुटी निव्वळ ग्लास आणि साडेआठ फुटी कॉम्पोझिट. एकाच नावेवर, एकाच पाण्यात, बरेचदा एकाच जातीचा ल्युअर (खोटा चारा) तिन्हींना बांधून. त्यामुळे खाली जे लिहितोय ते ऐकीव नाही.

ट्रोलिंगमध्ये मासा कसा लागतो ते आधी समजून घ्या, म्हणजे रॉडचं कोडं आपोआप सुटतं. ल्युअर तीस-चाळीस मीटर मागे आहे, नाव पुढे चालली आहे, रॉड होल्डरमध्ये उभा आहे, आपल्या हातात नाही. शिवडा (इथला दातांचा शिकारी मासा) आडवा येऊन ल्युअर तोंडात घेतो आणि वळतो. त्या क्षणी नाव एकीकडे ओढते, मासा दुसरीकडे. क्रँकबेटचे तीन टोकांचे गळ बारीक असतात, ते तोंडाच्या कडेला कातडीत रुततात. रॉड ताठ असेल तर तो सगळा हिसका थेट त्या बारीक टोकावर जातो आणि कातडी फाटून भोक मोठं होतं. दोन मिनिटांनी मासा नावेजवळ येऊन डोकं झटकतो आणि गळ मोकळा. रॉड मऊ असेल तर हिसका रॉडच पोटात घेतो, हळूहळू वाकत जातो आणि गळावर ताण कमी-जास्त न होता एकसारखा राहतो. मासा स्वतःच स्वतःला अडकवून घेतो.

आमच्याकडे फरक इतका उघड होता की हंगामाच्या मध्यावर काकांनीच सांगितलं, "बापू, थे कडकवाली काडी काढून ठेवा. मासा लागते अन् तोंड फाडून जाते." त्यांनी आयुष्यभर जाळं टाकलंय, रॉड हातात धरला तो पहिल्यांदा आमच्यासोबत. पण नावेच्या मागच्या टोकाला बसून शेंडे पाहायचं काम त्यांचं, आणि कुठल्या काडीवरचे मासे सुटतात हे त्यांच्या नजरेतून निसटलं नाही.

ग्लास रॉडवर मासा लागला की एक गोष्ट मात्र पाळायची: झटका मारायचा नाही. बेडकावर मरळ खेळणाऱ्याचा हात सवयीने वर जातो, तो आवरा. रॉड होल्डरमधून उचला, वाकलेला राहू द्या, नाव एकदम थांबवू नका, फक्त वेग कमी करा. नाव थांबली की दोरी सैल पडते, आणि सैल दोरीवर बारीक गळ टिकत नाही.

आता शेंड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या पाण्यासाठी मला हीच बाब सगळ्यात महत्त्वाची वाटते. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं आणि इथे साचतं. त्यावर जलपर्णी माजते. तिच्या मुळ्यांचे तुकडे, सडकी पानं पाण्यात तरंगत असतात. ल्युअरच्या पुढच्या जिभेला असा एखादा धागा जरी अडकला तरी ल्युअरचं हलणं बंद होतं. मग तुम्ही तासभर मेलेलं प्लास्टिक ओढत फिरता. चांगल्या ट्रोलिंग रॉडचा शेंडा बारीक आणि मऊ असतो. ल्युअर नीट चालत असेल तर तो शेंडा एका लयीत थरथरत राहतो, तर-तर-तर-तर. मुळी अडकली की थरथर थांबते आणि शेंडा नुसता वाकून राहतो. ल्युअर तळाला घासला की थरथर तुटक होते. बुडालेल्या बुंध्याला टेकला की एक जोरदार ठोका आणि पुन्हा लय. साडेआठ फुटी कॉम्पोझिटवर हे सगळं मागच्या टोकाला बसूनही दिसतं. निव्वळ ग्लासवरही दिसतं, पण थोडं मंद, कारण ग्लास जड असतो आणि कंप खातो. कार्बनमधला कंप हातात धरल्यावर उत्तम जाणवतो, पण होल्डरमध्ये ठेवला की हात बाजूला जातो आणि ताठ शेंड्यावर नजरेला काही दिसत नाही. म्हणून मला तिघांत कॉम्पोझिट सगळ्यात जवळचा.

शेंड्यावर पिवळ्या ऑइलपेंटचे दोन ठिपके दिलेत. दुपारच्या चकाकीत फार उपयोग होतो.

रॉडवर छापलेले आकडे वाचताना सावध राहा. माझ्या कॉम्पोझिटवर ल्युअरचं वजन १० ते ३० ग्रॅम असं लिहिलंय. हा आकडा फेकण्यासाठीचा आहे. ओढताना ल्युअरचं वजन गौण, त्याच्या जिभेवर पाण्याचा किती जोर येतो ते मुख्य. खोल जाणारा, लांब रुंद जिभेचा पंधरा-सोळा ग्रॅमचा क्रँकबेट आम्ही चालत्या नावेत स्प्रिंगकाट्याला बांधून पाहिला, तर काटा पाव किलोच्या पुढे गेला. म्हणजे मासा नसतानाच रॉड एवढा भार धरून उभा असतो. अगदी हलक्या ताकदीचा रॉड घेतलात तर तो तिथेच पूर्ण वाकतो, मग मासा लागल्यावर वाकायला जागाच उरत नाही. म्हणून 'मऊ' म्हणजे 'कमजोर' असं समजू नका. ताकद मीडियम हवी, वाकणं मॉडरेट हवं. रॉडवर हे दोन शब्द वेगवेगळे लिहिलेले असतात, दोन्ही वाचा. 'फास्ट' किंवा 'एक्स्ट्रा फास्ट' लिहिलं असेल तर तो फक्त शेंड्यापाशी वाकणार, तो सोडून द्या.

दुकानात पारखायचं असेल तर रॉडचा शेंडा मित्राच्या हातात द्या आणि मूठ धरून हलकेच उचला. वाक निम्म्याच्या खालपर्यंत, मुठीच्या दिशेने उतरला पाहिजे.

लांबीचा प्रश्न नावेवर अवलंबून. दोन दोऱ्या सोडायच्या असतील तर दोन्ही रॉड एकाच लांबीचे नकोत. लांब रॉड नावेला काटकोनात बाहेर काढायचा, म्हणजे ती दोरी लांबून जाते, आणि आखूड रॉड मागच्या टोकाकडे सरळ मागे. वळण घेताना दोऱ्या एकमेकींत गुंतत नाहीत. बोटीवर साडेआठ फुटी बाहेर आणि सात फुटी मागे, ही जोडी आमची पक्की झाली. डोंगा अरुंद आणि हलका असतो. तिथे साडेआठ फुटी एका अंगाला काढला की मासा लागल्यावर डोंगा त्या अंगाला कलतो आणि वल्हं मारणाऱ्याच्या कोपराला रॉड आडवा येतो. डोंग्यात सात फुटी एकच रॉड, मागच्या अंगाला, पुरे.

वल्ह्यावर ट्रोलिंग होतं का, असं बरेच जण विचारतात. छान होतं. रापाला कंपनीचं नाव ज्याच्यावरून पडलं तो फिनलंडचा लॉरी रापाला वल्ह्याच्या नावेतूनच मासेमारी करायचा, आणि त्याने १९३६ साली पहिला ल्युअर बुचाच्या लाकडातून कोरला तोही असाच ओढण्यासाठी. इंजिनावर आम्ही मोबाइलच्या जीपीएसवर ताशी तीन ते चार किलोमीटर वेग धरतो. वल्ह्यावर तो कमी भरतो, म्हणून तिथे रुंद डुलणारा, उथळ चालणारा ल्युअर लावतो. प्रत्येक वल्ह्यागणिक ल्युअर पुढे झेपावतो आणि क्षणभर मंदावतो, आणि बरेचदा मासा त्या मंदावण्यावरच येतो. ग्लासचा रॉड हे वर-खाली सहज सोसतो.

मूठ. याकडे कोणी पाहत नाही आणि नंतर पस्तावतात. ट्रोलिंग रॉडची मूठ लांब आणि अखंड हवी. मध्ये उघडी काडी सोडलेली, दोन तुकड्यांची मूठ होल्डरमध्ये डुगडुगते. माझ्या कार्बनची अशीच आहे. आमचे होल्डर घरीच केलेले: बोअरच्या कामातून उरलेला दोन इंची पीव्हीसी पाइप, वरच्या तोंडाला रीलच्या पायासाठी कापलेली खाच, आणि फळीला दोन क्लॅम्प. खाच नसेल तर रॉड गोल फिरतो आणि रील उलटं होतं. रॉडला पातळ दोरी बांधून ती फळीला अडकवून ठेवा. मोठ्या माशाने होल्डरसकट उपटून नेला तर हाती काही उरत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. रॉडवरच्या ज्या कड्यांतून दोरी जाते, त्यांतल्या सात फुटी ग्लास रॉडच्या शेंड्याकडून दुसऱ्या कडीतलं सिरॅमिक फेब्रुवारीतच तडकलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, दोरी मात्र वारंवार एकाच अंतरावर तुटायला लागली. शेवटी पऱ्हाटीचा कापूस बोटाएवढा पिळून कडीतून आरपार ओढला. चार कड्यांतून तो सरळ गेला, त्या कडीत मात्र तंतू लटकून राहिले. तिथेच केसाएवढी चीर. विक्रेत्याने हात वर केले, वॉरंटी फक्त काडीवर म्हणे. कडी बदलून धागा आणि इपॉक्सी घरीच भरलं. आता नवीन रॉड घेताना मी खिशात कापूस घेऊनच जातो, आणि सगळ्यांना तेच सांगतो. आपल्याकडे कापसाला तोटा नाही.

नेण्या-आणण्यासाठी दोन तुकड्यांचा रॉड सोयीचा. सात फुटी मोडला की साडेतीन फूट, तीन इंची पाइपात भरून मोटरसायकलला आडवा बांधता येतो. दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक रॉड या कामाला घेऊ नका. सतत थरथरल्यामुळे त्याचे सांधे सैल होत जातात आणि कड्या एका ओळीत राहत नाहीत. दोन तुकड्यांच्या सांध्यावर मेणबत्ती हलकीशी घासून ठेवा, अडकत नाही आणि सुटतही नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ पार करतो. बंद गाडीत रॉड ठेवू नका. रील बसवायच्या जागेचं चिकटवण त्या उष्णतेने ढिलं पडतं.

रीलबद्दल थोडक्यात: आडव्या ढोलाचं, आवाज करणारं क्लिकर असलेलं, ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी सुटू देणारा ब्रेक) सैल ठेवलेलं. दोरी बारा पौंडांची मोनो (एकाच तंतूची नायलॉन दोरी). ती स्वतः थोडी लांबते आणि हिसका खाते. ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली) वापरायची असेल तर ती जवळजवळ लांबतच नाही, त्यामुळे रॉड आणखी मऊ लागेल. तिची जाडी कमी म्हणून ल्युअरही जास्त खोल जाईल, हे लक्षात ठेवा. मी मोनोवर दर दहा मीटरला मार्करने खूण केलीय. शिवड्याच्या दातांसाठी पुढे हातभर जाड मोनो.

खोलीचा हिशेब इथे फार मोलाचा. धरणाची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर. उन्हाळ्यात पाणी उतरत जातं तसे बुडालेल्या झाडांचे बुंधे ल्युअरच्या जवळ येतात. जानेवारीत चाळीस मीटर दोरीवर बिनधास्त चालणारा ल्युअर एप्रिलमध्ये त्याच जागी अडकतो. तेव्हा दोरी कमी करा किंवा उथळ ल्युअर लावा. अडकलाच तर रॉडने ओढू नका, रॉड सरळ दोरीच्या दिशेत धरून नाव मागे घ्या. ग्लास इथेही पुष्कळ सोसतो. कार्बनला नावेच्या काठावर बसलेला एखादा टवका पुढे मोडायला पुरतो.

पाण्यात उतरण्याआधी ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. त्यांच्या जाळ्यांच्या तरंगांपासून लांब राहा, कारण आपला ल्युअर जाळ्यात गेला तर नुकसान त्यांचं होतं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूच्या पाण्यात जाऊच नका. शिवडा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'असुरक्षित' गटात आहे आणि पावसाच्या सुरुवातीला त्याची पैदास होते. पोटात अंडी असलेली मादी आली तर नावेत न घेता पाण्यातच गळ काढून सोडा. त्यासाठी लांब पक्कड हाताशी ठेवा, आणि मागचा गळ एकटोकी करून घेतलात तर सोडणं फार सोपं जातं.

आणि मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग दाटले की रॉड खाली आडवे ठेवून काठ गाठा. कार्बनमधून वीज वाहते, उघड्या पाण्यावर तो उभा ठेवणं जिवावरचं आहे. ग्लासमधून वाहत नाही, पण भिजलेल्या रॉडचा आणि ओल्या दोरीचा भरवसा धरू नका. काठावर उतरल्यावरही रॉड उभे धरून शेतातल्या वीजतारांखालून चालायचं नाही, आधी तुकडे सोडवून पाइपात भरायचे.