बोलंड, मॅकमॅहन की एझकेरा? '२००० एडी'चं पहिलं पुस्तक घेण्याआधी

माझ्या आतेभावाने मध्यंतरी विचारलं, "दादा, '२००० एडी'चं एकच पुस्तक घ्यायचं ठरवलंय. चित्रं सगळ्यात भारी कशात आहेत?" तो ॲनिमेशन शिकतो, त्यामुळे गोष्टीच्या आधी त्याची नजर रेषेवर जाते. प्रश्न एका ओळीचा, पण हे ब्रिटिश कॉमिक्स साप्ताहिक वाचणारी माणसं याच प्रश्नावरून वर्षानुवर्षं भांडत आली आहेत. एक पक्ष चित्रकार ब्रायन बोलंडचा, दुसरा माइक मॅकमॅहनचा, तिसरा कार्लोस एझकेराचा. केव्हिन ओ'नीलवाले कोपऱ्यात बसून या तिघांनाही हसतात. आतेभावाला दिलेलं उत्तर भलतंच लांबलं, म्हणून इथे नीट लिहून काढतो.

ज्यांना हे साप्ताहिकच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९७७ मध्ये ते सुरू झालं, पॅट मिल्सने उभं केलं, पहिल्या अंकाची किंमत ८ पेन्स. अंकाला 'प्रॉग' म्हणतात. संपादक थार्ग नावाचा हिरवा परग्रहवासी, आणि लेखक-चित्रकार म्हणजे त्याचे राबणारे 'ड्रॉइड'. दुसऱ्या अंकात जज ड्रेड, म्हणजे पोलीस आणि न्यायाधीश एकातच असलेला भविष्यातल्या शहरातला माणूस, आला आणि तो आजतागायत गेलेला नाही.

चित्रांबद्दल बोलायचं तर कागदापासून सुरुवात करायला हवी. पहिली बरीच वर्षं हा अंक वर्तमानपत्रासारख्या हलक्या कागदावर निघायचा. आतली पानं काळी-पांढरी, रंग फक्त मुखपृष्ठाला आणि मधल्या जोडपानाला. एका गोष्टीला आठवड्याला पाच-सहा पानं, आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा तेवढीच. शाई पसरणार, बारीक रेषा तुटणार, आणि वाचणारा पोरगा बसमध्ये अंकाची गुंडाळी करणार. मला माझा पहिला प्रॉग मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळाला आणि त्याचं नेमकं मधलं जोडपान गायब होतं. घासाघीस करून घेतला, घरी येऊन उघडला तेव्हा कळलं. अंकातला एकमेव रंगीत ऐवज कोणीतरी आधीच भिंतीवर चिकटवला असणार. उरलेल्या काळ्या-पांढऱ्या पानांवरच जीव जडला, म्हणून माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

आता ते तिघे.

ड्रेडचा पेहराव एझकेराचा. हा स्पेनमधल्या सारागोसाचा माणूस, फ्रँकोच्या राजवटीत वाढलेला. लेखक जॉन वॅग्नरने त्याला नमुना म्हणून एका सिनेमाचं पोस्टर पाठवलं होतं. एझकेराने त्यावर खांद्यावरचा गरुड, साखळ्या, ढोपरांच्या ढाली असा इतका साज चढवला की वॅग्नरला तो स्पॅनिश समुद्री चाचा वाटला. मागे जे शहर काढलं ते इतकं पुढच्या काळातलं होतं की मिल्सने कथेचा काळच पुढे ढकलला. एवढं सगळं करून छापून आलेली पहिली ड्रेडकथा मात्र मॅकमॅहन नावाच्या नवख्या पोराच्या हातची होती. एझकेरा चिडला आणि ड्रेड सोडून निघून गेला. मॅकमॅहन सुरुवातीला एझकेराचीच नक्कल करत होता, पण १९७८ च्या 'द कर्स्ड अर्थ'पर्यंत त्याला स्वतःचा हात सापडला. त्याच मालिकेतले थोडे भाग बोलंडने काढले आणि भांडण तिथून सुरू झालं.

तिघांच्या ड्रेडचे बूट शेजारी शेजारी ठेवून बघा, बाकी काही बघायची गरज नाही. मॅकमॅहनचे बूट पायांपेक्षा मोठे, जमिनीत रुतल्यासारखे. हनुवटी हेल्मेटखालून उंबरठ्यासारखी बाहेर आलेली. माणूस कसा दिसतो यापेक्षा माणूस किती जड आहे हे तो काढतो. बोलंड तेच बूट घेतो आणि चामड्याची प्रत्येक सुरकुती, हेल्मेटवरची चकाकी, काळ्या सावलीची स्वच्छ कड असं सगळं जागच्या जागी बसवतो. ड्रेडबाबतच्या खऱ्या कल्पना मॅकमॅहनच्या, आपण त्या वाचकाला आवडणाऱ्या वास्तववादी शैलीत काढल्या, हे बोलंडने स्वतःच मान्य केलेलं आहे. एझकेराचे बूट मात्र चिखलातून आलेले असतात. त्याची बाहेरची रेषा जाड आणि तुटक, करवतीच्या दात्यांसारखी. एकदा ओळखीची झाली की अर्ध्या चौकटीवरूनही हात कोणाचा ते कळतं.

दिवाळी अंकांतली दीनानाथ दलालांची चित्रं आणि वसंत सरवट्यांची रेखाटनं दोन्ही पाहत मोठ्या झालेल्या वाचकाला हा फरक फार समजावावा लागू नये. एक जण चित्र पुरं करून तुमच्या हातात देतो, दुसरा निम्मं तुमच्यावर सोडतो. बोलंड आणि मॅकमॅहन यांच्यात साधारण तेवढंच अंतर आहे. नवीन माणसाला बोलंड लगेच आवडतो, आणि त्यात चूक काही नाही. १९८१ च्या 'जज डेथ लिव्ह्ज'मध्ये खलनायक जज डेथचा साथीदार, भीतीचा जज, आपल्या शिरस्त्राणाची झडप उघडून ड्रेडला चेहरा दाखवतो. तो चेहरा पाहून माणसं मरतात. ड्रेडचा ठोसा त्या झडपेतून आरपार जातो. ती चौकट या साप्ताहिकातली सगळ्यात प्रसिद्ध चौकट असावी, आणि तिची कीर्ती खोटी नाही. मुठीचा जोर, फुटलेलं शिरस्त्राण, मागची रिकामी जागा, सगळं एका नजरेत बसतं.

पण बोलंड संथ होता. साप्ताहिकाच्या रेट्यात त्याच्याकडून फार पानं निघाली नाहीत आणि लवकरच तो अमेरिकेकडे वळला. बोलंडसाठी '२००० एडी' घ्यायला गेलात तर हाताशी थोडक्या कथा आणि पुष्कळ मुखपृष्ठं लागतात. माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्याची प्रत्येक चौकट थांबून बघावीशी वाटते, त्यामुळे गोष्ट थांबते. मॅकमॅहनच्या पानावर डोळा थांबत नाही, घसरत पुढे जातो. आठवड्याच्या सहा पानांत शहर पेटवायचं असेल तर हा गुण मोठा.

एझकेराचं मोठेपण समजायला मला वेळ लागला. विशीत तो मला ओबडधोबड वाटायचा. मग 'द अपॉकलिप्स वॉर' सलग वाचलं. १९८२ ची ही कथा, जवळजवळ सहा महिने दर आठवड्याला चालली आणि पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत सगळी चित्रं एकट्या एझकेराची. साप्ताहिकात हे सहसा होत नाही. मोठी कथा तीन-चार जणांत वाटून देतात, नाहीतर अंक वेळेवर निघत नाही. शहरं बेचिराख होतायत, माणसं कोसळतायत, आणि त्याची रेषा एकदाही दमत नाही. त्या युद्धाची काजळी त्या तुटक रेषेतच आहे. बोलंडच्या स्वच्छ हाताने ते युद्ध फार देखणं झालं असतं.

मग घ्यायचं कुठलं

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर जुन्या ड्रेडकथा क्रमाने छापणाऱ्या 'जज ड्रेड: द कम्प्लीट केस फाइल्स'चा पाचवा खंड. या एका खंडात 'जज डेथ लिव्ह्ज' आहे, पुढे 'ब्लॉक मेनिया' आहे आणि शेवटी 'द अपॉकलिप्स वॉर'. त्यातलं 'ब्लॉक मेनिया' म्हणजे आपल्या या तुलनेसाठी मुद्दाम बनवल्यासारखं आहे. एकच कथा मॅकमॅहन, रॉन स्मिथ, स्टीव्ह डिलन आणि बोलंड यांच्या हातांतून जाते आणि पुढच्या युद्धाची सूत्रं एझकेराकडे येतात. पान उलटलं की हात बदलतो. कुणाचं चित्र आवडतं हे मला किंवा दुसऱ्या कुणाला विचारायची गरजच उरत नाही.

खंडाची खोट छपाईत आहे. केस फाइल्सचा कागद साधा, आकार मूळ अंकापेक्षा थोडा लहान, आणि मूळची रंगीत जोडपानंही काळी-पांढरी. रंग हवाच असेल तर हा खंड तुम्हाला उपाशी ठेवेल. याच्या अगदी उलट टोकाला 'एपेक्स एडिशन' आहेत. मूळ चित्रं आहेत त्या आकारात स्कॅन केलेली, खोडलेल्या रेषा आणि पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुकांसकट. बोलंडची आहे, मॅकमॅहनची आहे. चित्रकला शिकणाऱ्याला त्यातून जे मिळतं ते कुठल्याच छापील कॉमिकमधून मिळत नाही. पण ते पुस्तक मांडीवर मावत नाही, खिशाला परवडत नाही, आणि गोष्ट वाचण्यासाठी ते नाहीच. पहिलं पुस्तक म्हणून नको.

'द कर्स्ड अर्थ' घ्यायचं असेल तर २०१६ ची 'अनसेन्सर्ड' आवृत्ती बघून घ्या. मूळ कथेत हॅम्बर्गर कंपन्यांची आणि जाहिरातींतल्या पात्रांची टिंगल होती. कायदेशीर भानगडीच्या भीतीने ते भाग पुढची कित्येक वर्षं पुन्हा छापले गेले नाहीत. ब्रिटनमध्ये विडंबनाबाबतचा कायदा बदलल्यावर ते परत आले. मॅकमॅहन पक्षात जायचं नक्की असेल तर माझ्या मते हेच.

ड्रेड नकोच असेल तर

पोलीस, हेल्मेट, शिक्षा या सगळ्याचा कंटाळा येणारेही असतात. त्यांनी सरळ 'नेमेसिस द वॉरलॉक'चा पहिला खंड उचलावा. चित्रं केव्हिन ओ'नीलची (मधला एक भाग हेसुस रेदोन्दोचा, शेवटाकडे ब्रायन टॅलबट येतो). ओ'नीलच्या रेषेत काटे असतात. इमारतींना काटे, गाड्यांना काटे, माणसांच्या हनुवट्यांनासुद्धा. परग्रहावरच्या जिवांना पुसून टाकायला निघालेला तोर्केमादा खलनायक, आणि घोड्यासारख्या लांब तोंडाचा, खूर असलेला नेमेसिस नायक. कोणतंही पान स्वस्थ बसत नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये ओ'नीलच्या एका कथेला तिथल्या कॉमिक्स कोडने, म्हणजे कॉमिक्सच्या सेन्सॉरने, शिक्का नाकारला. एखादं दृश्य काढून टाका असंही नाही, आक्षेप त्याच्या चित्रशैलीलाच होता. चित्रकाराला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणी देत असेल असं मला वाटत नाही. ड्रेडच्या तिन्ही चित्रकारांपेक्षा हा माणूस अधिक वेगळा आहे, हे ओ'नीलवाल्यांचं म्हणणं मला पटतं. फक्त पहिल्याच पुस्तकात तो डोक्यावरून जाऊ शकतो.

मऊ हाताचं काही हवं असेल तर 'द बॅलड ऑफ हेलो जोन्स'. लेखन ॲलन मूरचं, चित्रं इयन गिब्सनची, सुरुवात १९८४ मध्ये. बाजारहाट करायला बाहेर पडणं हेसुद्धा जिथे जिवावरचं काम आहे अशा वस्तीतली एक साधी मुलगी. गिब्सनची गोलसर, वाहती रेषा तिला शोभते. २०१८ मध्ये याची रंगीत आवृत्ती आली. रंग वाईट नाहीत, पण गिब्सनने काळ्या-पांढऱ्यात जी हवा सोडली होती ती भरून टाकली आहे. जुनी मिळाली तर जुनीच घ्या.

सायमन बिझलीचं 'स्लेन: द हॉर्न्ड गॉड' पुष्कळ जण पहिल्या क्रमांकावर ठेवतात. १९८९ पासून आलेलं हे पूर्ण रंगवलेलं काम, मांसल, रक्ताळलेलं, पानांबाहेर उसळणारं. दुकानात चाळलंत तर हात तिकडेच जाईल. पण ती सेल्टिक पुराणातली कुऱ्हाडीची गोष्ट आहे, विज्ञानकथा शोधत असाल तर फसाल. शिवाय त्याच्या यशानंतर जो उठला तो रंगवायला बसला, आणि नव्वदीच्या सुरुवातीच्या कित्येक अंकांत सगळं चॉकलेटी, चिखलट दिसू लागलं. त्यात बिझलीचा दोष नाही. तरी ते अंक चाळताना मला एझकेराच्या जाड रेषेची आठवण येतेच.

मासिमो बेलार्दिनेल्ली या इटालियन चित्रकाराला मात्र फारसं कोणी विचारत नाही. त्याची माणसं लाकडी, हे खरं आहे. पण परग्रहावरचे प्राणी, वनस्पती, बुरशी काढावी तर त्यानेच. तो असेल ती कथा उसनी आणून वाचा.

आणि 'अमेरिका'. कॉलिन मॅकनीलने रंगवलेली ही ड्रेडकथा अनेकांच्या मते सर्वोत्तम आहे, माझ्याही मते कथा म्हणून तीच. पण ती १९९० मध्ये 'जज ड्रेड मेगझीन' या भावंड-मासिकात आली, साप्ताहिकात नाही. महिनाभराची सवड मिळालेल्या चित्रकाराला आठवड्याच्या शर्यतीत पळवणं बरोबर नाही.

छापील प्रत मिळवताना दमछाक होत असेल तर प्रकाशकाच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात डिजिटल प्रती विकत मिळतात, आणि त्या उतरवून आपल्याकडे ठेवता येतात. फक्त मोबाइलवर वाचू नका. चौकट-चौकट मोठी करून बघितली की मॅकमॅहनच्या पानाचा तोल कळत नाही आणि जोडपानाचे दोन तुकडे होतात. निदान टॅबलेट हवा, आडवा धरून.

आतेभावाने पाचवा खंडच घेतला. मी वाट बघत होतो की तो बोलंडचा निघतो की एझकेराचा. आठवड्याने त्याचा फोन आला, तर म्हणाला, "दादा, तो रॉन स्मिथ कसला भन्नाट आहे! त्याच्या गर्दीतला एकेक माणूस वेगळा." रॉन स्मिथबद्दल मी त्याला एक अक्षरही बोललो नव्हतो.