चैत्रातली कुंडलिका आणि कोलाडचे कायाकवाले

चैत्रात कोकणातल्या बहुतेक नद्यांत गोटे आणि डबकी उरतात. कुंडलिका मात्र एप्रिलातही सकाळी फेसाळत वाहते. मुळशी धरणाचं पाणी घाटमाथ्यावरून पश्चिमेला वळवलंय. ते सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि मग नदीला मिळतं. १९२७ पासून हे चाललंय. म्हणजे ज्या पाण्यावर आपण वल्हं मारतो ते मुळात मुळेचं, भीमेमार्गे बंगालच्या उपसागराला जायचं. सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. माझं आजोळ मुळशीकडचं, त्यामुळे जॅकेटचे पट्टे आवळताना मला ते आठवतंच.

पाणी विजेच्या हिशोबाने सुटतं, तुमच्या-आमच्या सोयीने नाही. सकाळी सुटलं की त्याच्यासोबत खाली यायचं. उशीर झाला की नदी उतरते आणि दगड वर येतात. म्हणून नेरुळहून अंधारातच निघालो. पळस्पे, पेण, वडखळ, नागोठणे, मग कोलाड. ठाणेकरांनी आणखी पाऊण तास हाताशी ठेवावा. गोवा महामार्गाबद्दल बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

आता कायाकवाल्यांबद्दल. कायाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. (नाव देत नाही. तक्रारी त्यांना समोरासमोर सांगून झाल्यात.)

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे शिकवणं. नवख्याला थेट धारेत ढकलत नाहीत. आधी संथ पाण्यात होडी मुद्दाम उलटी करायला लावतात. कडक कायाकमध्ये कमरेला रबरी झगा असतो, तो होडीच्या काठावर ताणून बसवतात. उलटलं की पुढची पट्टी खेचून बाहेर यायचं. ती पट्टी चुकून झग्याखाली दबली तर पाण्याखाली हात चाचपडत राहतो. आमचा गाइड तिथल्याच गावचा पोरगा. प्रत्येकाची पट्टी बाहेर आहे ना, हे त्याने स्वतः ओढून पाहिलं. पुतणीला म्हणाला, "ताई, घाबरलात तरी चालेल, पण पट्टी विसरायची नाही." मला त्याने हवेच्या दोनजणी होडीत बसवलं आणि पन्नाशीबद्दल एक अक्षर काढलं नाही, याबद्दल वेगळा गुण.

धारेत खरी गंमत दगडामागे उलट्या दिशेने फिरणाऱ्या पाण्याची. तिथे शिरताना आणि निघताना अंग वळणाच्या आत झुकवायचं. बाहेर कललात की वरून येणारी धार होडीचा काठ पकडते आणि क्षणात डोकं खाली. पुतणी तिथेच उलटली, पट्टी ओढून बाहेर आली आणि पाय पुढे, वर ठेवून वाहत निघाली. काठावरून दोरीची थैली नेमकी तिच्या खांद्यावर पडली. ही नेमबाजी पैसे वसूल करणारी होती.

आता उणं. हेल्मेटांचे पट्टे सैल, त्यातल्या एकाची क्लिप दोऱ्याने बांधलेली. जॅकेटं ओलीच हातात दिली, वासाचं विचारू नका. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या गटाची वाट पाहत आम्हाला काठावर उभं ठेवलं. शेवटच्या टप्प्यात पाणी उतरून होडी दोनदा खडकावर घासली. चैत्रात ही दिरंगाई चालत नाही. पाणी गार असलं तरी ऊन भाजून काढतं. याच भिऱ्यात २०१७ च्या मार्चमध्ये ४६.५ अंशांची नोंद गाजली होती. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, टोपी हेल्मेटखाली बसत नाही.

जेवण मात्र उत्तम. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, हवं तेवढं.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: उद्याचं पाणी कधी सुटणार, आणि काठावर दोरी घेऊन कोण असणार. दुसऱ्याला "काही होत नाही हो" असं उत्तर मिळालं तर फोन ठेवा. पोहता येत नसेल तर सरळ राफ्ट, म्हणजे गाइडसोबत अनेकांनी बसायची हवेची मोठी होडी, घ्या. पावसाळ्यात तर नवख्यांनी कायाकचं नावच काढू नये.

फोटोंचे पैसे वेगळे मागतात. नाही म्हटलंत तरी चालतं; पुतणीच्या निम्म्या फोटोंत नुसतं होडीचं बूड दिसतंय.