कोको घ्यायचा तर कोणता? साधी पावडर, डच कोको की डार्क चॉकलेट

विशी-पंचविशीत तब्येतीसाठी कोको सुरू करायचा म्हटलं की चार पर्याय समोर येतात: साधी कोको पावडर, डच कोको, डार्क चॉकलेट आणि डब्यातलं ड्रिंकिंग चॉकलेट. चौथ्याचा निकाल आधी लावू. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात आणि ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यावर बहुधा पहिलं नाव साखरेचंच असतं. आवडत असेल तर गोड पेय म्हणून प्या, पण ते कोकोच्या खात्यात धरू नका.

कोकोची ख्याती ज्यांच्यामुळे आहे ते घटक म्हणजे फ्लॅव्हनॉल ही वनस्पतींतली संयुगं, त्यातही एपिकॅटेचिन. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि वाहिन्या सैलावतात. निरोगी तरुणांतही हा फरक घेतल्यावर साधारण दोन तासांत मोजता येतो. वाहिन्यांची लवचीकता टिकवण्यासाठी रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल, हा दावा युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये मान्य केला. आता हे २०० मिलिग्रॅम कशातून मिळतात ते पाहू.

साध्या पावडरीच्या एका ग्रॅममध्ये सरासरी ३५ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लॅव्हनॉल आढळले आहेत. म्हणजे सपाट मोठा चमचाभर, सुमारे ५ ग्रॅम पावडरीत पावणेदोनशे. डच कोकोत आंबटपणा मारायला अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा क्षार, वापरतात आणि त्यातच फ्लॅव्हनॉल जातात: हलक्या प्रक्रियेनंतर ग्रॅमला १४ उरतात, मध्यम प्रक्रियेनंतर ८, आणि जोरदार प्रक्रियेनंतर जेमतेम ४. तोच चमचा, पण हाती २० मिलिग्रॅम! घोळ असा की डच कोको रंगाने जास्त गडद असतो, म्हणून तोच ‘अस्सल’ वाटतो. खरं तर साधी पावडर फिकट तपकिरी आणि जिभेला आंबट-तुरट लागते. डब्यावर आम्लता नियंत्रक म्हणून ५०० किंवा ५०१ क्रमांक दिसला, तर अल्कली वापरली आहे असं समजा.

डार्क चॉकलेट मधे कुठेतरी बसतं. ७० ते ८५ टक्क्यांच्या ३० ग्रॅम तुकड्यात सुमारे १८० कॅलरी आणि ७ ग्रॅम साखर असते. चमचाभर पावडरीत कॅलरी दहा-बारा आणि साखर नगण्य. वेष्टनावरची टक्केवारी कोकोचा गर आणि कोको बटर मिळून असते, तिच्यावरून फ्लॅव्हनॉल कळत नाहीत. मिल्क चॉकलेटच्या तेवढ्याच तुकड्यात १५ ग्रॅम साखर असते, त्यामुळे ते या स्पर्धेत नाहीच.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. कोकोने रक्तदाब सरासरी सुमारे २ मिमी (पारा) इतकाच उतरतो, तोही ज्यांचा दाब मुळात वाढलेला आहे त्यांच्यात जास्त दिसतो. कॉसमॉस ही २१ हजारांहून अधिक लोकांची मोठी चाचणी साठीपुढच्यांवर झाली. त्यात रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल देऊनही हृदयविकाराच्या एकूण घटना ठोसपणे घटल्या नाहीत. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. विशीतल्या माणसाला यावरून दीर्घायुष्याचं आश्वासन देता येत नाही. त्याच्यासाठी रोजचा रोकडा फायदा वेगळा आहे: संध्याकाळच्या गोड पेयाऐवजी बिनसाखरेचा कोको घेतला, तर साखर तेवढी कमी होते.

म्हणून आमचा कौल साध्या पावडरीला. करताना ती थेट कपभर पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात, कारण तिच्यातली चरबी पाण्याला दूर लोटते. आधी ५ ग्रॅम पावडर दोन चमचे गरम पाण्यात घोटून लापशीसारखी करा, मग उरलेलं पाणी किंवा दूध हळूहळू ओता. स्मूदीत घालायची असेल तर केळं टाळा. केळ्यातलं पॉलीफिनॉल ऑक्सिडेझ हे विकर फ्लॅव्हनॉल मोडतं. एका प्रयोगात केळ्याच्या स्मूदीसोबत फ्लॅव्हनॉल घेतल्यावर रक्तातलं त्यांचं प्रमाण ८४ टक्क्यांनी कमी भरलं. बेरी फळं चालतात. केकच्या कृतीत मात्र डच कोकोच्या जागी साधी पावडर आणि साधीच्या जागी डच असा बदल डोळे झाकून करू नका. खाण्याचा सोडा फुलायला साध्या पावडरीतलं आम्ल लागतं. ते नसलं की केक बसतो.

रक्तात लोह कमी असेल, आणि तरुण मुलींमध्ये हे बरंच आढळतं, तर कोको जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. त्यातले पॉलीफिनॉल (फ्लॅव्हनॉल याच गटातले) वनस्पतिजन्य लोह नीट शोषू देत नाहीत. कोकोत ऑक्झलेट असतं, म्हणून ऑक्झलेटचे मुतखडे झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. चमचाभर पावडरीत कॅफीन १२ मिलिग्रॅमच्या आसपास, पण थिओब्रोमिन हे कॅफीनच्याच जातीचं सौम्य उत्तेजक १०० असतं. झोप हलकी असेल तर दुपारीच घ्या. कोकोच्या झाडात जमिनीतलं कॅडमियम हा विषारी धातू उतरतो, म्हणून रोजची सवय असेल तर चमच्यावर चमचे वाढवू नका आणि कंपनी अधूनमधून बदला.