लॉकडाऊनमधली मेडिक्लेमची सवलत, नऊ महिन्यांनंतर

आईच्या क्लेमचे पैसे काल जमा झाले म्हणून आता लिहितोय, जूनमध्ये लिहिलं असतं तर नुसता संतापच निघाला असता.

आमची फॅमिली फ्लोटर, म्हणजे घरातल्या सगळ्यांची मिळून एकच मेडिक्लेम पॉलिसी, २०१६ पासूनची, रिन्यूअल १२ एप्रिलला. मार्च २०२० मध्ये दुकानाचं शटर खाली आलं, प्रीमियमचे चोवीस हजार एकरकमी कुठून आणणार. सरकारने आधी २१ एप्रिलपर्यंत आणि लॉकडाऊन वाढल्यावर १५ मेपर्यंत मुदत दिली, २५ मार्च ते ३ मे मध्ये ड्यू असलेल्यांनी तोवर भरलं तरी कव्हर मूळ तारखेपासूनच. वर विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने एप्रिलमध्ये हप्त्यांनाही परवानगी दिली, आमच्या कंपनीने महिना २,०६० करून दिले, ८ मेला पहिला हप्ता भरला आणि जीव भांड्यात पडला.

सर्टिफिकेट आलं तर सुरुवात ८ मे! नातेवाईक म्हणाले तारखेचं काय एवढं. अहो सगळं तारखेतच आहे. आईला शुगर आहे, जुन्या आजाराची चार वर्षांची वेटिंग (तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) १२ एप्रिललाच पूर्ण होत होती, मध्ये खंड दिसला तर मोजणी परत पहिल्यापासून धरतील ही भीती. कस्टमर केअरवर एकच उत्तर, सर सिस्टीम पैसे भरल्याचीच तारीख घेते. सहा मेल केले, प्रत्येकाला अर्थमंत्रालयाच्या नोटिफिकेशनची पीडीएफ जोडली, शेवटी तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं तेव्हा कुठे जूनच्या अखेरीस १२ एप्रिल घालून नवं सर्टिफिकेट आलं.

हप्ते मात्र झकास, असं मी तेव्हा ओळखीच्या सगळ्यांना सांगत होतो. आता तेवढं ठाम सांगणार नाही. हप्ता चुकला तर तेव्हा १५ दिवसांचा ग्रेस, म्हणजे वाढीव मुदत, होता पण पैसे पोचेपर्यंत मधल्या दिवसांचं कव्हर नव्हतं, कोरोनाच्या काळात हे कळल्यावर मी दर महिन्याला दोन दिवस आधीच खात्यात पैसे ठेवायला लागलो.

डिसेंबरात आईच्या पायाची जखम चिघळली, पाच दिवस ॲडमिट, बिल आम्हीच भरलं. क्लेममधून उरलेले तीन हप्ते, ६,१८० रुपये, एकदम कापले. खूप चिडलो. मग पॉलिसी काढून वाचली, क्लेम झाला की राहिलेले सगळे हप्ते लगेच देय होतात असं त्यात स्पष्ट आहे. भरायचे तर होतेच आणि व्याजही लावलं नाही, त्यामुळे तो राग गेला, पण हप्ते घेताना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

तारखेचा राग अजून गेलेला नाही. ८ मे तशीच राहिली असती तर शुगरचं कारण देऊन कदाचित अख्खा क्लेम नाकारला असता. ज्यांनी त्या मुदतीत उशिरा भरलंय त्यांनी आजच सर्टिफिकेट काढून सुरुवातीची तारीख बघा, ॲडमिट व्हायची वेळ येईपर्यंत थांबू नका.