बागेतली बाकं काढायची, अडवायची की हलवायची?

बागेच्या मागच्या कोपऱ्यात टोळकं बसतं, सकाळी तिथे बाटल्या आणि गुटख्याच्या पिचकाऱ्या दिसतात. अशी तक्रार झाली की बैठकीत हमखास कुणीतरी म्हणतं, ‘बाकंच काढून टाका.’ पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. तुम्ही क्षेत्रीय कार्यालयात असा अर्ज देणार असाल, तर आधी तिन्ही पर्याय नीट ताडून पाहा.

बाकं काढणं सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. टोळक्यातली पोरं तरणी असतात, ती कठड्यावर किंवा गाडीवर बसतील. बाग सुटते ती गुडघे धरलेल्या आजोबांची आणि नातवाला घसरगुंडीवर आणणाऱ्या आजीची. ही माणसं गेली की त्या कोपऱ्यावर कुणाची नजरच उरत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे कुणी आडवं होऊ नये म्हणून बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसवणं. लंडनमध्ये कॅम्डेनच्या नगरपालिकेने २०१२ मध्ये याच विचाराचा, उतरत्या पृष्ठभागाचा काँक्रीटचा बाक आणला. त्यावर आडवं होता येत नाही, पण निवांत बसणंही जड जातं. आपल्याकडे दांड्याने अडतो तो रात्रपाळी करून घटकाभर पाठ टेकणारा रखवालदार, आणि त्याचा कुणाला त्रास नसतो. दारू तर दांड्याच्या दोन्ही बाजूंना बसून पिता येते. दांडा हवाच असेल तर दोन टोकांना हात म्हणून लावा, ज्येष्ठांना उठताना त्याचा खरा आधार होतो.

मी आग्रह धरेन तो बाकं हलवण्याचा. न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क १९७० च्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा झालं होतं. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी तिथलं निरीक्षण करून सांगितलं की उंच कुंपण आणि झुडपांमुळे आतलं बाहेरून दिसत नाही, हे मूळ दुखणं आहे. १९९२ मध्ये बाग पुन्हा उघडली तेव्हा झुडपं काढलेली होती, वाटा मोकळ्या होत्या आणि बसायला हलवता येणाऱ्या खुर्च्या होत्या. सुट्या खुर्च्या आपल्याकडे सतत देखरेख असलेल्या बागेतच टिकतील. बाकीचं मात्र जसंच्या तसं करता येतं. मेंदीचं कुंपण कमरेइतकं छाटायचं. कोपऱ्यातली बाकं चालण्याच्या वाटेकडेला, खेळण्यांसमोर, फाटकाजवळ आणायची. दोन बाकं काटकोनात ठेवली की ज्येष्ठांचा कट्टा आपोआप जमतो. सावलीही बघा. आपल्या बऱ्याच बागा दुपारी बंद राहून चारच्या सुमारास उघडतात, आणि मे महिन्यात तेव्हा ग्रॅनाइटवर बसवत नाही. खर्च यात जास्त आहे, कारण सिमेंटचं जुनं बाक उपटताना अनेकदा फुटतं.

एक गोष्ट तक्रारीतून वगळा: शेजारी बसलेली जोडपी. एकत्र बसून बोलणं गैरवर्तन नव्हे. छेडछाड, दारू पिऊन दंगा, धमकावणं यासाठी ११२ वर फोन करा. सुरक्षारक्षकाला फाटकावर बसवून न ठेवता संध्याकाळी फेऱ्या घालायला लावा, त्याविना कुठलंही बाक पुरणार नाही.

अर्जात नुसतं ‘बाकं बसवणे’ लिहू नका, नाहीतर ती ठेकेदाराला सोयीची पडेल तिथे बसतात. बागेचा हाताने काढलेला नकाशा जोडा, जागांवर खुणा करा आणि पाठ, दोन्ही टोकांना हात, बसायच्या फळीची साधारण ४५ सेंटिमीटर उंची असं स्पष्ट लिहा.