घोड्यांच्या खुराकात सोयापेंड: काही महिन्यांच्या वापरानंतर

वैरण म्हणजे जून, काडीदार झालेले वाळके गवत असेल, तर घोड्याची पाठ भरून आणायला सोयापेंडीइतका सरळ उपाय नाही, हे आमचे मत आता पक्के झाले आहे. गवत कोवळे असेल किंवा लसूणघास पुरेसा मिळत असेल, तर तिची गरजच नाही.

हिशेब असा आहे. 500 किलोच्या, हलके काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला साधारण 700 ग्रॅम क्रूड प्रोटीन (नायट्रोजनवरून मोजलेले एकूण प्रोटीन) लागते आणि त्यात 30 ग्रॅम लायसिन, म्हणजे खाण्यातूनच मिळावे लागणारे एक अमिनो आम्ल. 6 टक्के प्रोटीनचे जून गवत 9 किलो खाऊन मिळते 540 ग्रॅम, लायसिन जेमतेम 19. खरी अडचण लायसिनची. ते कमी पडले की बाकीची अमिनो आम्ले हजर असूनही स्नायू बनत नाही. 46 टक्के प्रोटीनच्या अर्धा किलो पेंडीतून 230 ग्रॅम प्रोटीन आणि सुमारे 14 ग्रॅम लायसिन येते, दोन्ही तुटी भरतात. तेवढ्याच लायसिनसाठी ओट साडेतीन किलो घालावे लागतील आणि सोबत नको तितका स्टार्च जाईल.

सुरुवात 100 ग्रॅमने करावी, दर तीन-चार दिवसांनी 100 वाढवावे आणि दिवसाचे माप दोन वेळांत विभागावे. भुकटी घोडा फुंकून उडवतो, म्हणून थोडे पाणी शिंपडून कोंड्यात कालवावी. पण आधी भिजवून ठेवू नये, उन्हाळ्यात लवकर आंबते.

फरक आधी केसांच्या तकाकीत दिसला, मग कण्याच्या दोन्ही बाजूंना. तोही कामातल्या घोड्यांमध्येच. उभ्या घोड्याला नुसत्या पेंडीने स्नायू येत नाही. खुरांबद्दल एवढ्यात बोलणे घाईचे ठरेल: खूर महिन्याला सेंटिमीटरभरही वाढत नाही, वरून खालपर्यंत नवा यायला 9 ते 12 महिने लागतात.

पोत्यागणिक दर्जा बदलतो, ही मोठी तक्रार. फिकट, कच्च्या शेंगेच्या वासाची पेंड नीट भाजलेली नसते. तिच्यातला ट्रिप्सिन-रोधक (पाचक रसाला अडवणारा कच्च्या सोयाबीनमधला घटक) प्रोटीन नीट पचू देत नाही. गडद तपकिरी, करपट वासाची असेल तर जास्त उष्णतेने लायसिन साखरेशी बांधले गेलेले असते, आणि लेबलावरचा प्रोटीनचा आकडा मात्र तोच राहतो. तसले पोते परत करावे. पेंडीत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असतो, त्यामुळे गव्हाचा कोंडाही भरपूर देत असाल तर कॅल्शियमची भर हवीच.

गरजेपेक्षा जास्त दिली की नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जातो. घोडा पाणी जास्त पितो, बिछायत ओली होते, तबेल्यात अमोनियाचा उग्र वास येतो, आणि तो घोड्याच्या फुप्फुसांना वाईट. प्रोटीनने घोडा ‘तापतो’, म्हणजे अनावर होतो, हा समज मात्र सोडून द्यावा. बहुतेक वेळा ते खापर धान्यातल्या स्टार्चवर फोडायला हवे.

पेंडीऐवजी गुरांचा तयार खुराक कधीच देऊ नका. त्यातल्या युरियाचा घोड्याला उपयोग नाही, आणि मोनेन्सिन (गुरांच्या खुराकात मिसळले जाणारे एक औषध) असेल तर अगदी थोडेही जीवघेणे ठरते.

दुभत्या घोडीला पहिल्या महिन्यात दीड किलोच्या आसपास प्रोटीन लागते. तिथे जून गवत आणि अर्धा किलो पेंड यांवर भागणार नाही, चांगला लसूणघास द्यावाच लागतो. आणि गवताची नवी खेप आली की जुने माप तसेच चालू ठेवू नये, गवत तपासून ते पुन्हा ठरवावे.