पन्हळीत वाहून गेलेले 84,000 रुपये

आधीच सांगतो, मी 26 वर्षं फाउंड्रीत काढलीत. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत. त्यातली नऊ वर्षं फेटलिंगला, म्हणजे दिवसभर ग्राइंडर आणि ठिणग्या. हे लिहिताना कान गरम होतायत, पण ही गोष्ट लपवून पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

आमचं घर जुनं. पुढं मंगलोरी कौलं, मधे पत्रा, मागं न्हाणीवर तेवढा स्लॅब. वळचणीचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडायचं आणि दर पावसाळ्यात स्वयंपाकघराला कमरेएवढी ओल यायची. सौ.चं माहेर मालवणच्या अलीकडं, समुद्राकाठच्या एका गावात. ओटीवर बसलं की लाटा ऐकू येतात इतकं जवळ. तिथं सासऱ्यांच्या काळी पोफळ चिरून पन्हळ करायचे, म्हणजे छपराचं पाणी कडेला झेलून बाजूला सोडणारी नाली, कुजली की दुसरी. आता पोफळ चिरून देणारं कोणी राहिलं नाही. "भावोजी, तुमच्या कोल्लापुरात गावता तर दोनव घरांचा एकदमच करूया," असं मेव्हणाच म्हणाला होता. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण आता घरात असं बोललं जातंय की मीच ते त्याच्या गळ्यात मारलं.

2025 च्या मेच्या पहिल्या आठवड्यात पेपरातून ॲल्युमिनियमच्या पन्हळीचं पॅम्प्लेट आलं. पत्ता उद्यमनगरचा. फोन केला, तर तासाभरात गडी दारात. तिशीतला, कपाळाला गंध, पायातली चप्पल बाहेर नीट जोडीनं काढून आत आला. आमच्या सौ.ला तिथंच पटला. म्हणाला, "काका, मरीन ग्रेड ॲल्युमिनियम हाय. समुद्रावर गंजत न्हाई, मग कोल्हापुरात काय गंजतंय?" हातात फूटभर नमुना दिला. आता मी काय केलं ते ऐका. आत गेलो, माझा जुना व्हर्नियर काढला आणि नमुना मोजला. 0.9 मिलिमीटर, बरोब्बर. कडेला फाइल मारून पाहिली, आतून पांढरंशुभ्र ॲल्युमिनियम. "काका, तुम्ही तर इंजिनिअर निघालासा!" असं तो म्हणाला आणि मी फुगलो. चहा झाल्यावर नमुना त्यानं पिशवीत टाकून परत नेला. तो नमुना ठेवून घ्यायचा असतो. त्यावर त्याची सही घ्यायची असते. मोजायचा असतो तो बसवायला आलेला माल, नमुना नव्हे.

हिशोब असा. आमचं 62 फूट, मेव्हण्याचं 94 फूट, दर 460 रुपये फूट, झाले 71,760. सहा डाऊन पाईप 1,350 प्रमाणे 8,100. मालवणची गाडी 4,500. एकूण 84,360. वरचे 360 त्यानं सोडले आणि मी घासाघीस जिंकल्यासारखा खूश झालो. मग हळूच म्हणाला, "बिल पायजे असंल तर 18 टक्के जीएसटी वर लागंल." म्हणजे 15,120 रुपये. मी म्हटलं, राहू दे बिल. करा मला दोषी. पण घरी सुतार, गवंडी, प्लंबर लावताना पक्कं बिल मागणारे किती जण आहात, ते आधी मनाशी मोजा. गॅरंटी 15 वर्षांची. तीही व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागं बॉलपेननं.

35,000 ॲडव्हान्स यूपीआयवर. नंबर त्याचा नाही, "बहिणीचा हाय, माझं लिमिट संपलंय." नाव भलतंच दिसलं. तरी टाकले.

12 मे. माल आला. दहा-दहा फुटांची लांबी, पांढरं पावडर कोटिंग, दोन्ही टोकांना टोप्या घातलेल्या. टोप्या का, ते आज कळतं. कापलेली कड दिसू नये म्हणून. वजनाला संशय यावा असंही नव्हतं, आणि हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगतोय असं समजा हवं तर. ॲल्युमिनियमची घनता 2.7, लोखंडाची 7.85. पण लोखंडी पत्रा निम्म्याहून पातळ दिला की हातात वजन साधारण तेवढंच लागतं. त्याला हे गणित माहीत होतं. मला जास्त माहीत असायला पाहिजे होतं.

तर दोन पोरं मागच्या स्लॅबवर चढली आणि ग्राइंडरनं पन्हळ कापायला लागली. स्लॅबवर सौ.च्या कुरडया वाळत होत्या, तीन किलो गव्हाच्या. मी खाली अंगणात उभा. ग्राइंडर लागला आणि ठिणग्यांचा हा पिसारा उडाला. पिवळा, लांब, टोकाला फुटणारा.

ॲल्युमिनियमला ठिणगी पडत नाही. कितीही दाबून धरा, पडत नाही. हे मला विचारा. नवीन पोरांना मीच शिकवायचो, ठिणगीचा रंग बघ, लांबी बघ, फाटे किती फुटतात ते बघ, कास्ट आयर्न कुठलं आणि स्टील कुठलं डोळे झाकून सांगता आलं पाहिजे. असा मी माणूस वर बघून ओरडलो. काय ओरडलो? "अरे पोरांनो, कुरडयांवर ठिणग्या पडतील, जरा तिकडं तोंड करा!"

पोरांनी तिकडं तोंड केलं. मी चहा सांगायला आत गेलो.

त्या एका वाक्यानं गेले कित्येक महिने झोप उडवलीय. ठिणगी दिसली नाही असं नाही. दिसली, नीट दिसली, तिच्यापासून कुरडया वाचवायचं सुद्धा सुचलं. फक्त ती ठिणगी कशाची, एवढंच डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर सकाळपासून वळवाचे ढग येत होते आणि काम लवकर उरकावं एवढंच डोक्यात होतं. रिटायर झाल्यावर डोळे बघतात, पण डोकं हजेरी लावत नाही, असं काहीतरी असावं.

आणि जाता जाता, पन्हळ खरी ॲल्युमिनियमची असो वा जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची, ग्राइंडरनं कापू देऊ नका. पत्र्याच्या कात्रीनं किंवा बारीक दात्याच्या करवतीनं कापायला लावा. ग्राइंडरच्या उष्णतेनं कडेचा जस्ताचा थर जळतो, तापलेला चुरा कोटिंगवर चिकटून बसतो आणि पहिल्या पावसात तिथूनच तांबेरा सुरू होतो.

16 आणि 17 मेला मालवणचं काम झालं. मी गेलो नाही, गुडघा दुखत होता. काम झाल्यावर 40,000 टाकले आणि 19 मेला तो उरलेले 9,000 रोख घेऊन गेला. पाया पडून गेला. 25 मेला पाऊस तळकोकणात पोचलासुद्धा. आमच्याकडं पहिल्या जोरात पन्हळीचं पाणी डाऊन पाईपकडं जायच्या ऐवजी मधेच तुंबून दारावर कोसळलं. लेव्हल लावली तर उतार उलटा. दहा फुटाला पाव ते अर्धा इंच उतार पाईपकडं पाहिजे, इथं मधे पोट पडलेलं. ब्रॅकेट दोन-दोन फुटांवर हवे, यानं चार-चार फुटांवर मारलेले. साधा हिशोब करा. 900 चौरस फूट छप्पर म्हणजे साधारण 84 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. 50 मिलिमीटर पडला तर चार हजार लिटरच्या वर पाणी त्या पन्हळीनं उचलायचं. शेवटचे पैसे द्यायच्या आधी लांबच्या टोकाला दोन बादल्या ओतून बघायला मला पाच मिनिटं लागली असती.

फोन केला. "दोन दिवसांत पोरगं धाडतो." 9 जूनपर्यंत हेच. मग फोन बंद.

तोपर्यंत मी याला निष्काळजीपणा समजत होतो. 28 जूनला मेव्हण्याचा फोटो आला. पांढऱ्या भिंतीवर तांबूस ओघळ, प्रत्येक जोडाखाली एक. खाली लिहिलेलं, "भावोजी, तुमचा ॲल्युमिनियम गंजता कसा ओ?"

मी उठलो, फ्रिजवरचा अंबाबाईच्या देवळाचा मॅग्नेट काढला, शिडी लावली आणि पन्हळीला टेकवला. टक्कन बसला. मग टोपी काढून व्हर्नियर लावला. रंगासकट 0.41. नुसता लोखंडी पत्रा, त्यावर नावापुरतं जस्त. स्क्रूही साधे लोखंडी. कोल्हापुरात हे दोन-तीन वर्षं कळलं नसतं. समुद्रानं सहा आठवड्यांत दाखवलं.

कोकणात घर असलेल्यांनी एवढं ऐका. खारं वारं पन्हळीच्या पोटाला, म्हणजे खालच्या बाजूला, मीठ बसवतं आणि तिथं पावसाचं पाणी लागत नसल्यामुळं ते धुतलं जात नाही. म्हणून गंज वरून नाही, खालून येतो. पावसाळा संपला की गोड्या पाण्यानं खालूनही धुवून घ्यायची. ॲल्युमिनियम घेतलंत तर लोखंडी स्क्रू नकोत, दोन धातू आणि खारट ओल एकत्र आली की ॲल्युमिनियम स्क्रूभोवती खात जातं. 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि मधे नायलॉनचा वॉशर. ओल्या सिमेंटला ॲल्युमिनियम टेकवायचं नाही, चुन्याचा क्षार त्यालाही खातो. आंबा-फणसाचा पाला मृगाच्या आधी एकदा काढायचा आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास परत एकदा. नाहीतर शेवाळ धरून पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास तुमच्याच वळचणीला वाढतात.

आता कायद्याची गंमत. कार्डावरच्या उद्यमनगरच्या पत्त्यावर गेलो. तिथं रसवंतीगृह. तेही पावसाळ्यामुळं बंद.

मग आमच्या भागातलं ठाणं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी विचारलं, "पन्हळ म्हणजे नक्की काय हो?" मी समजावून सांगितलं. म्हणाले, "म्हणजे माल मिळाला की तुम्हाला. आवडला नाही, एवढंच ना?" मी मॅग्नेट नेला होता. पन्हळीचा तुकडाही. टेबलावर चिकटवून दाखवला. आजूबाजूचे दोघं बघायला आले, एकानं मॅग्नेट कुठं मिळाला विचारलं. तिसऱ्या दिवशी, "हा दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, ॲल्युमिनियम म्हणून लोखंड दिलं ही फसवणूक नाही का? जुनं 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, एवढं वाचून गेलो होतो. त्यावर उत्तर आलं, "मोठं काम तर मालवणकडं झालंय, तिकडं द्या तक्रार." मेव्हणा तिकडच्या ठाण्यात गेला, तर त्याला सांगितलं, पैसे कोल्हापुरातून गेलेत, तिकडं द्या. दखलपात्र गुन्हा कुठंही घडो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे कायद्यात लिहिलंय. नागरिक सुरक्षा संहितेचं 173 कलम. ते मी प्रिंट काढून नेलं. हवालदारांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला. चौथ्या वेळी पाऊस मी म्हणत होता. साहेब भेटले, एकदाचे. म्हणाले, "काका, पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडं निघालीय, राजाराम बंधारा पाण्याखाली आहे, आणि तुम्हाला पन्हळीचं पडलंय?" यावर काय बोलणार? पूर ओसरल्यावर गेलो तर साहेबांची बदली झालेली आणि माझा अर्ज सापडेना. पोच घेतली नव्हती. अर्ज दिला की त्याच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मारत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा.

बँकेत गेलो, ज्या खात्यात 75,000 गेले ते कुणाचं एवढंच सांगा म्हटलं. "ग्राहकाची माहिती देता येत नाही." बरोबर आहे. ग्राहक मीही आहे, तिथंच, पस्तीस वर्षांचा, पण मी फसलेला ग्राहक. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बिल नंबर सांगा." मी फोनवर गप्प बसलो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे दार अजून उघडं आहे. पण नोटीस कुठल्या पत्त्यावर काढू? रसवंतीच्या? बिलाचे 15,120 वाचवले त्याची ही किंमत. बिल असतं तर त्याचा जीएसटी नंबर असता, आणि नंबरामागं खरं नाव, खरा पत्ता.

मेव्हण्यानं ऑगस्टात ते सगळं उतरवलं. भंगारवाल्यानं लोखंडाच्या भावानं घेतलं. त्याला बघताक्षणी कळलं, मॅग्नेटशिवाय. मग सहा इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून गावातल्या पोरांकडून बसवून घेतला, तिकडं बरेच जण तसंच करतात. त्याचं सगळं मिळून 14,300 मध्ये झालं. गंजायचा प्रश्नच नाही. उन्हात दहा फुटाला पाच-सहा मिलिमीटर वाढतो, म्हणून जोडाला जागा सोडावी लागते, आणि काही वर्षांनी उन्हानं ठिसूळ होईल, तेव्हा झावळी पडली तर फुटेल. फुटू दे. त्याचे 54,000 मी देतो म्हटलं, तो नको म्हणाला. नको म्हणताना सौ.कडं बघत होता.

आमच्याकडची पन्हळ अजून तशीच आहे. उतार मीच सुटीच्या दिवशी मुलाला घेऊन सरळ केला, कापलेल्या कडांना झिंकचा रंग मारला, निघेल दोन वर्षं. त्या माणसाचा नंबर बंद आहे, पण परवा एका पाहुण्याच्या मोबाइलवर त्याच मजकुराचं पॅम्प्लेट दिसलं, कंपनीचं नाव नवीन, पत्ता आता गांधीनगरचा. "समुद्रावर गंजत नाही" ही ओळ जशीच्या तशी.

त्या दिवशीच्या कुरडया अजून डब्यात आहेत. तळल्या की एखादीवर काळा ठिपका दिसतो, मोहरीएवढा. सौ. काही बोलत नाही. तेवढी कुरडई निवडून माझ्या ताटात वाढते.